हेदवीच्या कातळावर गरी टाकताना

गेल्या वर्षीच्या मे महिन्यात माझ्या वडिलांना हृदयविकाराचा झटका आला. वेळेवर उपचार मिळाले, अँजिओप्लास्टी झाली आणि आठवडाभरात ते घरी परतले. तपासण्यांचे निष्कर्ष समाधानकारक होते. महिन्याभराने डॉक्टरांनी सकाळ-संध्याकाळ सपाटीवर चालण्याची मुभा दिली. अडीच महिन्यांनी, प्रवासालाही हरकत नाही, असे सांगितले. शरीर सावरत होते; परंतु बाबा सावरत नव्हते. दिवसातून कितीतरी वेळा त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटे डाव्या मनगटावर जात. जेवताना, वर्तमानपत्र वाचताना, नातवाशी बोलताना ते मध्येच गप्प होत आणि नाडीचे ठोके मोजू लागत. रात्री झोप नसे. उभे आयुष्य बँकेच्या हिशेबात घालवलेला हा माणूस आता केवळ स्वतःच्या हृदयाचा हिशेब ठेवत होता.

अशा मोठ्या आजारानंतर भीती आणि उदासी येणे ही सर्वसामान्य गोष्ट असते, हे आम्हाला डॉक्टरांनीच समजावून सांगितले. त्यासाठी समुपदेशनही सुरू झाले. हेदवीचा प्रवास हा त्या उपचाराला पर्याय नव्हता, हे आरंभीच सांगितलेले बरे. पण त्या प्रवासात बाबांचे बोट मनगटावरून उठले आणि दुसऱ्या एका धाग्यावर विसावले. त्याचीच ही हकीगत आहे.

या साऱ्याला निमित्त झाले माझ्या धाकट्या भावाचे. तो नोकरीनिमित्त एडिनबरोला असतो. त्या जानेवारीत एक स्कॉटिश सहकारी त्याला टे नदीवर सॅमन मासा धरण्यासाठी घेऊन गेला होता. स्कॉटलंडमधील या सर्वांत लांब नदीवर सॅमनचा हंगाम 15 जानेवारीला उघडतो. त्या दिवसांत काठावर बर्फ असते. माणसे कमरेपर्यंत रबरी पोशाख चढवून पाण्यात उभी राहतात आणि दोन्ही हातांनी पेलावी लागणारी लांब काठी फिरवून, पिसांची बांधलेली खोटी माशी प्रवाहावर अलगद टाकतात. गंमत अशी, की समुद्रातून नदीत परतलेला सॅमन काही खातच नाही. अंगातल्या चरबीवर तो आपल्या जन्मस्थानापर्यंतचा प्रवास करतो. मग तो त्या पिसाला तोंड का लावतो, याचे निश्चित उत्तर जाणत्या मासेमारांकडेही नाही. शिवाय हंगामाच्या आरंभी मिळालेला मासा घरी नेताच येत नाही. स्कॉटलंडमध्ये 1 एप्रिलपूर्वी धरलेला प्रत्येक सॅमन पाण्यात परत सोडणे कायद्याने बंधनकारक आहे, कारण वसंतात येणाऱ्या या माशांची संख्या फार घटली आहे.

जुलैत एके संध्याकाळी भाऊ फोनवर हे सारे सांगत होता. "तीन दिवस थंडीत उभा होतो बाबा, एकही मासा लागला नाही. पण गेल्या वर्षभरात आली नव्हती अशी झोप त्या तीन रात्री आली."

बाबा पुष्कळ दिवसांनी हसले. "त्यासाठी बर्फात कशाला उभं राहायचं? आमच्या आजोळी आम्ही कातळावर बसून गरवायचो. रावस लागला तर तोही सॅमनच म्हणायचा की तुमचा!"

बाबांचे आजोळ गुहागर तालुक्यातले. वयाच्या बाराव्या-तेराव्या वर्षानंतर ते तिकडे गरी टाकायला कधी गेले नव्हते. फोन ठेवल्यावर ते बराच वेळ तिथल्या गोष्टी सांगत राहिले, आणि त्या अर्ध्या तासात त्यांनी मनगटाला हात लावला नाही. मी त्याच रात्री हेदवीला जाण्याचे मनाशी ठरवले.

पावसाळ्यानंतरचा पहिला समुद्र

कोकणच्या समुद्राचा हंगाम थंडीत नव्हे, श्रावणात उघडतो. 1 जून ते 31 जुलै हे दोन महिने पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक नौकांच्या मासेमारीला बंदी असते. समुद्र खवळलेला असतो, आणि अनेक जातींच्या माशांचा हा विणीचा काळही असतो. बंदी उठली तरी परंपरेने किनाऱ्यावरची माणसे नारळी पौर्णिमेची वाट पाहतात. त्या दिवशी समुद्राला नारळ अर्पण करून मगच होड्या लोटल्या जातात. आम्ही निघालो ते त्यानंतर आठवड्याने, गोकुळाष्टमीच्या सुमारास. बाबा, मी आणि माझा दहा वर्षांचा मुलगा.

निघण्यापूर्वी आम्ही डॉक्टरांचा सल्ला घेतला, औषधे दुप्पट दिवसांची घेतली आणि जवळच्या रुग्णालयाचा पत्ता व दूरध्वनी क्रमांक लिहून ठेवला. प्रवास दोन टप्प्यांत केला. पहिला मुक्काम चिपळूणला. दुसऱ्या दिवशी गुहागरला व्याडेश्वराचे दर्शन घेऊन दक्षिणेकडे वळलो. पालशेत, वेळणेश्वर मागे टाकत हेदवीला पोहोचेपर्यंत रस्ता सारखा चढतो, उतरतो आणि वळतो. जांभ्याचे सडे हिरवेगार झाले होते. खाचरांत भात पोटरीला आला होता, आणि प्रत्येक वळणावर एखादा पऱ्ह्या खळखळत रस्त्याखालून जात होता.

हेदवी म्हटले की बहुतेकांना आठवतो तो टेकडीवरचा दशभुजा लक्ष्मीगणेश. दहा हातांची ती संगमरवरी मूर्ती पाहण्यासाठी बारमाही भाविक येतात. गाडी वरपर्यंत जाते, त्यामुळे ज्येष्ठांनाही दर्शन सुकर होते. परंतु आमचे गंतव्य टेकडीखाली, समुद्रापाशी होते. तेथे पुळणीच्या कडेला उमामहेश्वराचे लहानसे देऊळ आहे आणि त्याच्या पलीकडे काळ्या कातळात एक अरुंद, खोल चीर आहे. हीच ती बामणघळ. लाटांनी युगानुयुगे कातळ पोखरून ही घळ तयार केली. भरतीच्या वेळी लाट तिच्यात घुसते, वाट सापडत नाही म्हणून दाबली जाते आणि पाण्याचा पांढरा स्तंभ उसळून वर येतो. एक ब्राह्मण घळीत पडला म्हणून हे नाव पडले, असे सांगतात. कथा खरी असो वा नसो, तिच्यातला इशारा मात्र खरा आहे.

भरतीचे गणित

आमच्या मुक्कामाच्या घराशेजारी एक सत्तरीचे खारवी गृहस्थ राहत. आयुष्यभर होडीवर काम केलेले, आता मुले समुद्रावर जातात आणि हे किनाऱ्यावर बसून गरवतात. बाबांनी आपली इच्छा सांगितली, तेव्हा त्यांनी आधी बाबांकडे आणि मग माझ्याकडे निरखून पाहिले.

"कसला आजार झालेला?" त्यांनी विचारले. मी सांगितले.

"मग आजच आलाव ता बरा केलाव. आज भांग हाय. अवसेला, पुनवेला आला असताव तर मी न्हेला नसता."

अमावास्या आणि पौर्णिमेला समुद्राला उधाण येते. पाणी खूप चढते आणि खूप उतरते. अष्टमीच्या आसपास चढउतार सर्वांत कमी असतो, त्याला भांग म्हणतात. किनाऱ्यावरची माणसे भरतीची वेळ घड्याळाशिवाय काढतात. त्यांची रीत अशी : पक्षातल्या तिथीला तीनने गुणायचे आणि चारने भागायचे. जे उत्तर येईल ती पूर्ण भरतीची वेळ, सकाळची आणि सायंकाळचीही. अष्टमीला आठ गुणिले तीन, म्हणजे चोवीस. भागिले चार, म्हणजे सहा. सकाळी सहाला आणि संध्याकाळी सहाला भरती. पूर्ण ओहोटी दुपारी बाराच्या सुमारास. माझ्या मुलाने कागदावर पंधराही तिथ्यांची गणिते मांडली आणि रोज भरती पाऊण तासाने पुढे सरकते हे त्याचे त्यालाच उमगले. हा अर्थात स्थूल अंदाज आहे. कातळावर जाण्यापूर्वी छापील वा मोबाइलवरील भरतीचे कोष्टक पाहावे आणि स्थानिक माणसाला विचारावे, हे उत्तम.

दुपारी तीनला आम्ही निघालो. काकांनी (आम्ही सारेच त्यांना काका म्हणू लागलो होतो) बामणघळीकडे जायला साफ नकार दिला. पुळणीच्या टोकाला, जिथे पऱ्ह्याचे गोडे पाणी समुद्राला मिळते, तिथला एक रुंद, सपाट कातळ त्यांनी निवडला. चालण्याचे अंतर थोडे, चढ नाही, आणि मागे वाळूपर्यंत मोकळी वाट. जिथे हिरवे शेवाळ दिसेल तिथे पाय टाकायचा नाही, जिथे खडबडीत पांढऱ्या शिंपा चिकटलेल्या असतील तिथे टाकायचा, पण अनवाणी नव्हे, एवढे त्यांनी मुलाला दोनदा बजावले. बाबांसाठी बसायला एक लाकडी पाट आणला होता.

बोटावरचा धागा

काकांचे साहित्य पाहून स्कॉटलंडच्या त्या लांब काठीची आठवण होणे अपरिहार्य होते. एक रिकामी प्लॅस्टिकची बाटली, तिच्यावर गुंडाळलेला तंगूस, टोकाला शिशाचे वजन आणि त्याच्या वर एक गळ. आमिषाला कोळंबी. काकांनी वजन दोनदा फिरवून सोडले, आणि गोडे-खारे पाणी जिथे एकमेकांत गढुळत होते तिथे ते पडले. मग त्यांनी तंगूस ताणून बाबांच्या उजव्या हातात दिला आणि तर्जनीवरून तो कसा घ्यायचा ते दाखवले.

"बोटावर ध्यान ठेवा. मासा आधी चाखतो, मग गिळतो. चाखतो तवा वढायचा नाय."

बाबांनी डोळे पाण्यावर ठेवले. पहिली दहा मिनिटे ते अस्वस्थ होते. प्रत्येक लाटेला त्यांना मासा लागल्यासारखे वाटे. हळूहळू लाटेचा ओढा, शिशाचे तळाशी घासणे आणि माशाचे टोचणे यांतला फरक त्यांच्या बोटाला कळू लागला. पाऊण तास असाच गेला. मध्ये एक सर येऊन गेली. आम्ही छत्री धरली, पण ते हलले नाहीत. मुलगा कातळातल्या डबक्यांतले खेकडे पाहत होता. मी बाबांच्या हाताकडे पाहत होते. मनगटावरची नाडी मोजणारे तेच बोट आता तंगूसाखाली होते, आणि त्यांना ते आठवतही नव्हते.

पहिली लागली ती वीतभर तांबोशी. लाल झाक असलेली, रागीट डोळ्यांची. बाबांनी गळ काढला आणि मासा परत सोडला. काकांनी भुवई उंचावली. "आमचा श्रावण आहे," बाबा म्हणाले, "आणि हिला अजून वाढायचं आहे." स्कॉटलंडमध्ये जे कायद्याने घडते ते आमच्या घरात व्रताने घडत होते. मुलाला हा योगायोग फार आवडला.

दुसऱ्या खेपेला आला शेंगाळा. मुलगा हात लावायला धावला तसे काकांनी त्याला दंडाला धरून मागे ओढले. शेंगाळ्याच्या पाठीवर आणि दोन्ही बाजूंच्या परांना करवती काटे असतात, आणि ते विषारी असतात. टोचल्यास असह्य ठणका लागतो. अशा वेळी जखम स्वच्छ करून, सोसवेल इतक्याच गरम पाण्यात तो भाग अर्धा ते दीड तास बुडवून ठेवल्याने वेदना कमी होतात. काट्याचा तुकडा आत राहिला असल्यास वा सूज वाढल्यास डॉक्टरांकडे जावे आणि धनुर्वाताच्या लशीची चौकशी करावी. बाबांसारख्या रक्त पातळ ठेवणारी औषधे घेणाऱ्यांनी तर गळ आणि काटे दोन्हींपासून जपले पाहिजे, कारण लहानशी जखमही अधिक वेळ वाहते. म्हणून मी त्यांना सुती हातमोजा आणला होता. त्यांनी तो डाव्या हातात घातला. उजव्या हातात नको म्हणाले. बोटाला कळायला हवे ना!

चारच्या सुमारास तंगूस एकाएकी ताणला गेला. बाबा अर्धवट उठले. पाण्यात दूरवर चंदेरी काहीतरी वळले आणि तंगूस कातळाच्या कडेवरून सर्रकन कापत गेला.

"रावस!" काका ओरडले. "सोडा, सोडा, जाऊ द्या त्याला, मग वढा!"

बाबांनी तंगूस सैल सोडला, पुन्हा घेतला. मासा पुन्हा धावला. त्यांचा चेहरा लाल झाला होता, श्वास जोरात चालला होता. माझ्या पोटात गोळा आला. "बाबा, पुरे" असे ओठांवर आले होते. परंतु गेले तीन महिने मी त्यांना हेच तर सांगत आले होते. जिना नको, पिशवी नको, रागावणे नको. मी गप्प राहिले आणि त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिले.

दोन मिनिटांनी त्यांनीच मान वळवली. "घे," ते म्हणाले, "आता तू घे. मला पुरे झालं."

आजारपणानंतर प्रथमच त्यांनी आपली मर्यादा भीतीने नव्हे, समजून सांगितली होती. ते पाटावर बसले, दीर्घ श्वास घेतले आणि मला सूचना देऊ लागले. मी आणि काकांनी मिळून तो मासा वाळूत आणला. अडीच-तीन किलोचा असावा. रुपेरी अंग, आखूड बोथट नाक, डोळ्यांवर चरबीचा पारदर्शक पडदा आणि छातीच्या परांखाली प्रत्येकी चार सुटे, धाग्यांसारखे तंतू. गढूळ पाण्यात या तंतूंनी चाचपडत तो भक्ष्य शोधतो.

इथे एक गैरसमज दूर करावासा वाटतो. उपाहारगृहांच्या पत्रकांवर रावसाला 'इंडियन सॅमन' म्हटले जाते, पण त्याचे सॅमनशी काही नाते नाही. रावस उथळ समुद्रात आणि खाड्यांच्या मुखांशी वावरतो. सॅमनसारखी नदीच्या उगमाकडची यात्रा तो करत नाही. त्याचे वैशिष्ट्य वेगळेच आहे : तो आयुष्याच्या आरंभी नर असतो आणि वाढल्यावर मादी होतो. म्हणूनच मोठे रावस सरसकट धरले गेले तर अंडी घालणाऱ्या माद्याच उरत नाहीत. पोषणाच्या दृष्टीनेही नावावर जाऊ नये. हृदयाला हितकारक मानली जाणारी ओमेगा-3 मेदाम्ले हवी असतील, तर आपले स्वस्त बांगडे आणि तारल्या रावसापेक्षा सरस आहेत. मासे खाणाऱ्यांनी आठवड्यातून दोनदा ते खावेत असे हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटना सुचवतात. मात्र तेलात खरपूस तळलेले नव्हेत, तर कालवणातले वा तव्यावर थोड्या तेलात भाजलेले. आणि मिठाचे प्रमाण बेताचे.

रावस काकांच्या घरी गेला. त्यांच्या घरी श्रावण नव्हता, आणि दोन महिन्यांनंतर सुरू झालेल्या हंगामात त्या माशाचे मोल त्यांना होते. तो सोडून द्यावा असे सुचवण्याचा अधिकार आम्हाला नव्हता.

लागतायत तेव्हाच उठायचे

बाबांना आता उत्साह चढला होता. त्यांनी नवी कोळंबी लावायला घेतली, तोच काका बाटलीवर तंगूस गुंडाळू लागले. साडेचारही वाजले नव्हते.

"आत्ताच तर लागायला लागलेत," बाबा म्हणाले.

"लागतायत तवाच उठायचा, भाऊ. लागायचे थांबल्यावर उठणारा मानूस पाण्यात जातो."

त्यांनी कातळाच्या कडेकडे बोट दाखवले. आम्ही आलो तेव्हा कोरडी असलेली एक खाच आता प्रत्येक लाटेने भरत होती. आम्हापैकी कोणाच्याही ते ध्यानात आले नव्हते. बाबांनी क्षणभर पाहिले आणि निमूटपणे पाट उचलला; मग आठवण होऊन तो माझ्या हाती दिला. पुळणीवर पोहोचून मागे वळून पाहिले, तेव्हा आमच्या बसण्याच्या जागेच्या टोकाला पाणी शिवत होते. आणि हा भांगाचा दिवस होता.

त्या रात्री मुक्कामाच्या घरी गरम भात, अळूचे फदफदे आणि ताक होते. बाबा नऊला झोपले. पहाटे मी उठले तेव्हा ते अंगणात बसून नातवाकडून नवमीच्या भरतीचे गणित करून घेत होते. पावणेसात, दोघांचे एकमत झाले.

परतीला आम्ही तवसाळहून जयगडची फेरी घेतली. शास्त्री नदी इथे समुद्राला मिळते. गाडीसकट खाडी ओलांडताना बाबा कठड्याला धरून उभे होते. मी भावाने सांगितलेली एक गोष्ट त्यांना सांगितली. टे नदीवर 1922च्या ऑक्टोबरात जॉर्जिना बॅलंटाइन नावाच्या तरुणीने 64 पौंडांचा, म्हणजे सुमारे 29 किलोंचा सॅमन गळाला लावून काढला. ब्रिटनमधला गळावरचा तो विक्रम अद्याप मोडलेला नाही. आणि त्या वेळी तिच्यासोबत होडीत तिचे वडील होते.

"मग श्रेय कुणाला मिळालं?" बाबांनी विचारले.

"तिला."

"बरोबर आहे," ते म्हणाले आणि खाडीकडे पाहत राहिले.

बाबांची भीती एका प्रवासाने गेली असे मी म्हणणार नाही. पुण्याला परतल्यावर दोन बोटे अधूनमधून मनगटावर जातच होती. समुपदेशन पुढे कित्येक महिने चालले. पण काकांनी दिलेला हातभर तंगूस त्यांच्या टेबलावर असतो. कधी अस्वस्थ वाटले की ते तो तर्जनीवर घेतात. रोजच्या फिरण्यातही एक फरक पडला आहे. पूर्वी ते दमेपर्यंत चालत, नाही तर घाबरून बाहेरच पडत नसत. आता ठरलेल्या वळणावर, पायांत जोर शिल्लक असतानाच परत फिरतात.

यंदा नारळी पौर्णिमेनंतरच्या अष्टमीला पुन्हा हेदवीला जायचे ठरले आहे. भरती सहाची. आम्ही तीनला जाऊ आणि साडेचारला उठू.